इंडोनेशियातल्या लाल तारखा: नाताळ, गुड फ्रायडे आणि बाकीचं सगळं

अनघा_जकार्ता

भारतातून कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मुस्लिम देश ना हा? मग नाताळची सुट्टी कशी?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून धागा काढतेय.

आधी चौकट सांगते. इंडोनेशियात सुमारे ८७ टक्के लोक मुसलमान आहेत आणि ख्रिस्ती दहा टक्क्यांच्या आसपास. तरीही सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार असे चार ख्रिस्ती दिवस आहेत. हिंदूंचा न्येपी, बौद्धांचा वैसाक आणि चिनी नववर्षही आहे. धर्म, मनुष्यबळ आणि प्रशासन सुधारणा या तीन खात्यांचे मंत्री दरवर्षी एकत्र सही करून ही यादी काढतात. इथे सुट्टीला 'तांग्गाल मेरा' म्हणजे लाल तारीख म्हणतात. भिंतीवरचं कॅलेंडर थेट आपल्या कालनिर्णयच्या घरातलं. मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात हिजरी तारीख आणि जावाच्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वार: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. त्याच चौकोनात २५ डिसेंबर लाल शाईत.

मी एका कापड निर्यात कंपनीत हिशेब विभागात आहे, त्यामुळे ही सुट्टी मला पगारपत्रकातून जास्त दिसते. इथे कायद्याने प्रत्येक कामगाराला सणाचा भत्ता द्यावा लागतो, 'ते-हा-एर' म्हणतात त्याला. वर्ष पूर्ण झालेलं असेल तर पूर्ण एक महिन्याचा पगार, आणि तो सणाच्या किमान सात दिवस आधी हातात पडायला हवा. सण कोणता, तर ज्याचा त्याचा. मुसलमानांना ईदच्या आधी, ख्रिस्ती कामगारांना नाताळच्या आधी. बऱ्याच कंपन्या संमतीने सगळ्यांना ईदलाच देऊन मोकळ्या होतात, पण आमच्याकडे वेगवेगळा निघतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुमात्रातल्या बातक समाजातल्या आणि सुलावेसीतल्या मनाडोकडच्या ख्रिस्ती मुली बँकेचा मेसेज आला का म्हणून टेबलापाशी येतात. पैसे आले की गावी जायचं तिकीट, आईला कापड, भावंडांना बूट. ईदच्या आधी हेच दृश्य दहापट मोठं असतं. एकाच कायद्याचं एकच कलम दोघींना लागू होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता हे आलं कुठून? बहुसंख्याकांनी मोठ्या मनाने दिलेली ही भेट नाही. मुळात देश ज्या करारावर उभा राहिला त्याचा हा भाग आहे, आणि मला या धाग्यात तेच सांगायचंय. २२ जून १९४५ ला 'जकार्ता सनद' नावाचा मसुदा तयार झाला. त्यात देव मानण्याच्या तत्त्वाला जोडून, मुसलमानांवर शरियत पाळण्याचं बंधन राहील असं वाक्य होतं. मूळ भाषेत ते सात शब्दांचं, म्हणून इथला शाळकरी पोरगाही 'सात शब्द' म्हटलं की ओळखतो. १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मुलखातून स्वातंत्र्य चळवळीतले मोठे नेते मोहम्मद हट्टा यांच्यापर्यंत निरोप पोचला की हे वाक्य राहिलं तर आम्ही या देशात नसू. दुसऱ्या दिवशी सकाळी हट्टा मुस्लिम नेत्यांशी बोलले आणि १८ ऑगस्टला राज्यघटना मंजूर झाली ती त्या सात शब्दांशिवाय. पुढे सुट्ट्यांच्या याद्या बऱ्याच बदलल्या, काही दिवस गळले, काही आले. नाताळ मात्र हलला नाही.

सुट्टी कागदावर असणं वेगळं आणि त्या रात्री चर्चमध्ये निर्धास्त बसता येणं वेगळं. १९९६ मध्ये पूर्व जावातल्या सितुबोंदोत चर्च जाळली गेली. नहदलातुल उलामा ही इथली सगळ्यात मोठी मुस्लिम संघटना, तिचे तेव्हाचे प्रमुख गुस दुर. त्यांनी संघटनेच्या तरुण दलाला, म्हणजे बान्सरला, चर्चच्या राखणीला उभं केलं. २००० च्या नाताळच्या आदल्या रात्री अनेक शहरांत चर्चवर बॉम्ब ठेवले गेले. मोजोकेर्तोच्या एबेन हाएझर चर्चमध्ये रियांतो नावाचा बान्सरचा पंचविशीतला पोरगा पहाऱ्यावर होता. संशयास्पद पुडकं सापडलं. आत माणसं भरलेली. त्याने ते पोटाशी धरलं आणि बाहेर धावला. स्फोट त्याच्या हातात झाला. मोजोकेर्तोत त्याच्या नावाचा रस्ता आहे.

आजही २४ डिसेंबरला संध्याकाळी आमच्या भागातल्या चर्चबाहेर बान्सरची पोरं दिसतात. चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी वाटणारा गणवेश, हातात चहाचा प्लास्टिकचा ग्लास, रस्ता ओलांडणाऱ्या आज्जीबाईंसाठी गाड्या थांबवणं चाललेलं.

कोणाला आणखी माहिती असेल तर जरूर भर घाला.

निर्मळकाठ

ताई, फार मनापासून लिहिलंत. मी वसईचा, कॅथलिक, घरात आणि चर्चमध्ये मराठी. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी, मराठीत होतो हे पुण्यामुंबईतल्या कितीतरी लोकांना अजून ठाऊक नसतं, तो वेगळा विषय.

मला धक्का बसला तो स्वर्गारोहणाच्या गुरुवारचा. भारतात गुड फ्रायडे आणि नाताळची केंद्रीय सुट्टी आहे, पण स्वर्गारोहणाची नाही. आमचे लोक संध्याकाळी कामावरून थेट चर्च गाठतात किंवा तो सण पुढच्या रविवारी होतो. आणि जगातल्या सगळ्यात जास्त मुसलमानांच्या देशात तो दिवस लाल तारीख!

गुड फ्रायडेबद्दल मात्र मनात जरा दुखरी जागा आहे. २०१९ मध्ये आमच्या शेजारच्या दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने ही सुट्टी यादीतून काढली होती. मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ती परत मिळाली. आम्हाला दुकानं बंद करायची नव्हती की कोणाला अडवायचं नव्हतं. त्या दिवशी दुपारी तीन वाजता, येशूने प्राण सोडला त्या वेळी, माणसाला चर्चमध्ये असायचं असतं, एवढंच. सुट्टी नसेल तर गिरणीत, कचेरीत, बँकेत काम करणारा माणूस तीन वाजता कसा पोचणार? ज्यांना कधी अर्ज करावा लागला नाही त्यांना यातली कळ समजत नाही.

एक विचारायचं होतं. तिथे फ्लोरेस बेटावर लारांतुका नावाचं गाव आहे ना? पोर्तुगीज काळापासूनची पवित्र आठवड्याची मिरवणूक निघते असं आमच्या एका फादरांनी सांगितलं होतं. वसई काय, गोवा काय, आमचं सगळं त्याच जहाजांतून आलेलं, म्हणून उत्सुकता.

संदर्भासह

धागा चांगला आहे, पण मला एवढं गोड चित्र पटत नाही. सुट्टी द्यायला सरकारला काय लागतं? एक सही. खरी कसोटी लागते ती चर्च बांधायला निघाल्यावर. बोगोरच्या यास्मिन चर्चबद्दल ताईंनी एक अक्षर लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात असून लोकांना स्वतःच्या चर्चमध्ये शिरता आलं नाही. हे सांगितल्याशिवाय रियांतोची गोष्ट सांगणं अर्धवट वाटतं. वाचणारा तेवढ्यावर खूश होऊन निघून जातो.

अनघा_जकार्ता

@संदर्भासह, बरोबर बोट ठेवलंत, त्यावर लिहायलाच हवं.

यास्मिनची हकीकत अशी. बोगोर जकार्तापासून लोकलने तासाभरावर. तिथल्या यास्मिन वसाहतीत चर्चला २००६ मध्ये बांधकाम परवाना मिळाला. विरोध सुरू झाल्यावर २००८ मध्ये पालिकेने तो गोठवला. मंडळी कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. महापौरांनी तरीही सील काढलं नाही. मग ती मंडळी काय करत, तर एक रविवार आड जकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर रस्त्यावर छत्र्या घेऊन प्रार्थनेला बसत. नाताळसुद्धा तिथेच. फिलाडेल्फिया नावाच्या दुसऱ्या एका चर्चची मंडळीही त्यांच्यासोबत असत, त्यांचंही प्रकरण तसंच. पालिकेने पुढे दुसरी जागा दिली आणि २०२३ च्या ईस्टरला तिथल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. मूळ जागा गेली ती गेलीच, आणि त्यामुळे मंडळीतल्या काहींना ही तडजोड अजून मान्य नाही. त्यांचं मला पूर्ण पटतं. कोर्टात जिंकलेल्याला दुसरीकडे जा म्हणणं हा न्याय नाही.

मुळाशी २००६ चा एक नियम आहे. कोणत्याही धर्माचं प्रार्थनास्थळ बांधायचं तर त्या धर्माच्या ९० लोकांची नावं आणि आसपासच्या ६० लोकांचा पाठिंबा लागतो, वर आंतरधर्मीय मंचाची शिफारस. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. पण जिथे नव्वद टक्क्यांहून जास्त वस्ती एका धर्माची असते तिथे त्या ६० सह्या कोणाला सोप्या आणि कोणाला अशक्य, हे उघड आहे. (हिंदूबहुल बालीत किंवा ख्रिस्तीबहुल पापुआत मशिदीलाही हीच अडचण येते, हेही सांगायला हवं.) जावाच्या पश्चिम टोकाला चिलेगोन हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथे एकही चर्च नाही, आणि २०२२ मध्ये चर्चला विरोध करणाऱ्या निवेदनावर खुद्द महापौरांनी सही केली होती. तिथल्या ख्रिस्ती कामगाराला नाताळची सुट्टी मिळते, भत्ता मिळतो, आणि प्रार्थनेसाठी तो बस पकडून दुसऱ्या गावी जातो.

तुमचं एक वाक्य मात्र मी मान्य करणार नाही. सुट्टीला फक्त एक सही लागते, हे खरं नाही. ती सही १९४५ मध्ये फार किंमत देऊन झालेली आहे, आणि ती आहे म्हणूनच यास्मिनची माणसं राजवाड्यासमोर बसून "आम्ही या देशाचे आहोत, आमच्याशी केलेला करार पाळा" असं म्हणू शकली. जिथे सुट्टीच नाही तिथे हे म्हणायलाही आधार नसतो.

सलमा_रत्नागिरीकर

मी मुसलमान, कोकणी घरातली. आमच्यात मरियम, म्हणजे येशूच्या आईचं, नाव घरोघरी सापडतं. कुरआनात एका सुरेला, म्हणजे अध्यायाला, त्यांचंच नाव आहे, आणि कुरआनात नावाने उल्लेख आलेली स्त्री त्या एकट्याच. हजरत ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे येशू, आमचेही पैगंबर. त्यामुळे त्यांच्या जन्माच्या दिवशी सुट्टी म्हटल्यावर मला परकं काही वाटत नाही. श्रद्धेत फरक आहे आणि तो मोठा आहे. आम्ही त्यांना देवाचा पुत्र मानत नाही. पण त्यासाठी शेजाऱ्याचा दिवस कडू करायची गरज नाही.

माझा भाऊ कुवेतला आहे. आखाती देशांत नाताळची सरकारी सुट्टी नसते, त्याच्याबरोबर काम करणारे केरळचे ख्रिस्ती लोक रजा टाकतात नाहीतर रात्रीच्या प्रार्थनेला जाऊन सकाळी तसेच कामावर हजर होतात.

ताई, एक प्रश्न. नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर दरवर्षी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटतो. तिथे काय परिस्थिती आहे?

अनघा_जकार्ता

सलमाताई, इथला डिसेंबरही त्या वादाशिवाय जात नाही! आणि त्यामागे एक मोठा माणूस उभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हम्का हे इंडोनेशियाचे फार आदरणीय धर्मपंडित, शिवाय कादंबरीकार. उलेमांच्या राष्ट्रीय परिषदेचे ते पहिले अध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात शाळा-कचेऱ्यांत सगळ्यांनी मिळून नाताळ करायची पद्धत पडली होती आणि काही ठिकाणी मुस्लिम मुलांनाही त्या सोहळ्यात उभं केलं जायचं. मार्च १९८१ मध्ये परिषदेने फतवा काढला की अशा नाताळ सोहळ्यात मुसलमानाने भाग घेणं हराम आहे. सरकारचा सलोख्याचा कार्यक्रमच त्यामुळे अडचणीत आला. धर्ममंत्र्यांनी फतवा मागे घ्यायला दबाव आणला. हम्कांनी फतवा बदलला नाही, अध्यक्षपद सोडलं. दोनच महिन्यांत, जुलैमध्ये ते वारले.

मला त्यांचा फतवा कडक वाटतो, पण त्यांची बाजू समजते. सरकारने हुकूम काढून सगळ्यांना एका मंडपात बसवलं म्हणजे सलोखा होत नाही. सुट्टी द्यावी, दार उघडं ठेवावं, आत कोणी यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. माझ्या शेजारच्या हाज्जा (हज करून आलेल्या) बाई चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाहीत, पण २५ तारखेला सकाळी समोरच्या बातक कुटुंबाकडे नास्तारचा डबा जातो म्हणजे जातोच. (नास्तार म्हणजे अननसाचा मुरंबा भरलेली लोण्याची छोटी गोल बिस्किटं, वर एक लवंग. ईदलाही तीच, नाताळलाही तीच.) ईदला त्यांच्याकडून परत डबा येतो. 'शुभेच्छा' हा शब्द दोघींमध्ये उच्चारला जातो की नाही, मला माहीत नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही.

फिरस्ता_कैरो

इजिप्तची थोडी भर. नोकरीच्या निमित्ताने कैरोत राहिलो आहे. तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचा नाताळ ७ जानेवारीला असतो, जुन्या पंचांगामुळे. ही सुट्टी देशभर लागू करायचा निर्णय २००२ च्या डिसेंबरात झाला. इतका जुना समाज, आणि त्यांना स्वतःच्या देशात सगळ्यांसोबत सुट्टी मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २०११ च्या नववर्षाच्या रात्री अलेक्झांड्रियात चर्चबाहेर बॉम्बस्फोट झाला. पुढच्याच आठवड्यात कॉप्टिक नाताळ होता. त्या रात्री कितीतरी मुसलमान चर्चमध्ये आणि चर्चबाहेर जाऊन उभे राहिले, हल्ला झाला तर आम्हीही इथेच आहोत म्हणून. ताईंनी लिहिलेल्या बान्सरच्या पोरांवरून ते आठवलं.

पण मला सगळ्यात आवडते ती शम्म अन-नसीमची सुट्टी. कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. तारीख ईस्टरवरून ठरते, पण सण वसंताचा, ख्रिस्ती-मुसलमान सगळ्यांचा. नाईलच्या काठावर, बागेत, जिथे हिरवळ दिसेल तिथे चादरी पसरून माणसं बसतात. रंगवलेली अंडी, कांद्याची पात, लेट्यूस आणि फिसीख. फिसीख म्हणजे बोय जातीचा मासा मिठात मुरवून ठेवलेला. कागद उलगडला की अख्ख्या बागेला कळतं. सुकट-बोंबलावर वाढलेल्या माझ्यासारख्यालाही पहिल्यांदा जड गेलं. नीट मुरला नसेल तर विषबाधा होते, त्यामुळे आरोग्य खातं दरवर्षी इशारे देतं आणि लोक दरवर्षी खातात.

इराकमध्येही २०१८ च्या डिसेंबरात नाताळ देशभराची सुट्टी झाली. तोवर तिथले बहुतेक ख्रिस्ती देश सोडून गेले होते. ही बातमी वाचून आनंद होण्याऐवजी वाईट वाटलं होतं.

संदर्भासह

@अनघा, "आम्ही या देशाचे आहोत म्हणायला आधार" हा मुद्दा पटला. मी तो तसा पाहिला नव्हता. तरी इराकच्या उदाहरणाने माझंही म्हणणं थोडं सिद्ध होतं: सुट्टी आली तेव्हा साजरी करायला माणसं उरली नव्हती. आधी जीव, मग जागा, मग तारीख, असा क्रम मी लावेन.

निर्मळकाठ

क्रम ठीक आहे साहेब, पण ज्याला तारीख मिळत नाही तो जागेसाठी भांडायला कधी जाणार, रजा टाकून?

मोगरा_ठाणे

आम्ही येत्या डिसेंबरात मुलांना घेऊन जकार्ता आणि बालीला जातोय. नाताळच्या दिवसांत काय बघावं? सगळं बंद असतं का?

अनघा_जकार्ता

@मोगरा, मॉल आणि उपाहारगृहं उघडी असतात, सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद. २५ ला जोडून बहुधा २६ लाही सामूहिक रजा असते (खाजगी नोकरीत ती वार्षिक रजेतून कापली जाते, म्हणून सगळे घेतातच असं नाही). रेल्वे आणि विमानं भरलेली, तिकिटं आधी काढा.

जकार्तात इस्तिकलाल मशीद आणि समोरचं कॅथेड्रल एकाच फेरीत बघा. मध्ये फक्त एक रस्ता आहे. इस्तिकलालचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या प्रोटेस्टंट वास्तुविशारदाचा, स्पर्धेतून निवडलेला, आणि परीक्षकांत स्वतः तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्णो. मशिदीची कोनशिला १९६१ ची, उद्घाटन १९७८ चं. मुलांना आत हिंडायला खूप आवडेल, संगमरवरी फरशीवर दुपारीही पाय थंड राहतात. नाताळला चर्चला येणाऱ्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात, ईदला नमाजींच्या कॅथेड्रलच्या आवारात. ईद रविवारी आली तेव्हा कॅथेड्रलने सकाळचा मिस्सा उशिरा ठेवला होता. आता दोन्हींना जोडणारा भुयारी मार्गही आहे, २८ मीटरच्या आसपास. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस आले तेव्हा ते आणि तिथले मुख्य इमाम नसरुद्दीन उमर त्याच्या तोंडाशी उभे होते. पुढच्याच महिन्यात उमर धर्ममंत्री झाले, म्हणजे आता सुट्ट्यांच्या यादीवर त्यांचीही सही येते.

१ जानेवारीपर्यंत असाल तर उत्तर जकार्तातलं तुगू गाव चुकवू नका. मलाक्का, बंगाल आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून डचांनी पकडून आणलेल्या पोर्तुगीजभाषी लोकांची ही वस्ती. चारी बाजूंनी आता कंटेनरचे ट्रक आहेत, मध्ये पांढरं चर्च आणि दफनभूमी. नववर्षाच्या दिवशी गिटारी आणि उकुलेले घेऊन मंडळी एका घरी गातात, त्या घरातला माणूस टोळीत सामील होतो, मग पुढचं घर, असं करत शेवटी अख्खं गाव रस्त्यावर. याला 'राबो-राबो' म्हणतात.

@निर्मळकाठ, तुमच्या लारांतुकाचं राहिलं होतं. हो, ते फ्लोरेसच्या पूर्व टोकाला. गुड फ्रायडेला सकाळी समुद्रातून होड्यांची मिरवणूक, त्यात 'तुआन मेनिनो' म्हणजे बाळ येशू. रात्री मेणबत्त्या घेऊन गावभर फेरी, त्यात 'तुआन मा' ही मरियेची मूर्ती. जुन्या पोर्तुगीज प्रार्थना तोंडी चालत आलेल्या आहेत, कोन्फ्रारियाचे, म्हणजे चर्चच्या जुन्या बंधुसंघाचे, लोक पांढऱ्या झग्यात. मी गेले होते तेव्हा दुपारभर रस्त्याच्या कडेला बांबू ठोकून मेणबत्त्यांसाठी आडव्या पट्ट्या बांधणं चाललं होतं. जकार्तात मात्र याच शुक्रवारी बाराला जुम्मा असतो, गल्लीत नमाजाच्या चटया पसरलेल्या, आणि त्या गुंडाळून झाल्यावर तीनच्या प्रार्थनेसाठी काळे कपडे घातलेली माणसं त्याच गल्लीतून चर्चकडे निघतात. दोन्ही बघण्यासारखं आहे.

यायचं असेल तर माउमेरेपर्यंत विमान आणि तिथून गाडीने साधारण चार तास, घाटाचा रस्ता. राहायची सोय कित्येक महिने आधी करावी लागते, कारण पवित्र आठवड्यात लॉज भरून जातात आणि यात्रेकरू लोकांच्या घरी उतरतात. तुमच्या फादरांनाही यायचं असेल तर तिथल्या धर्मप्रांताच्या कार्यालयाला आधी पत्र टाकायला सांगा, ते घरी उतरायची व्यवस्था लावून देऊ शकतील.

निर्मळकाठ

फादरांना आजच फोन करतो. आमच्या गावातून सातआठ जण तरी निघतील असं वाटतंय. होडीत बसायला परवानगी लागते का, तेवढं कळवा.